विहिरीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत

अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला इंग्रजी अमदानीत एलिचपूर म्हणत आणि तेथे लष्कराची छावणी होती. त्या छावणीच्या परिसरातले डास तपासून ग्लेन लिस्टन या भारतीय वैद्यकीय सेवेतल्या डॉक्टरने १९०१ साली एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. हिवतापाचे अभ्यासक स्टीफन्स यांच्या नावावरून या जातीला ॲनॉफिलिस स्टीफेन्सी म्हणतात. त्याआधी चारच वर्षे, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत हिवतापाच्या रुग्णाला चावलेल्या डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी दिसला होता. दूषित हवेने हिवताप होतो ही शतकानुशतकांची समजूत मागे पडत होती. कोणता डास कोठे वाढतो आणि केव्हा चावतो, हा प्रश्न त्यामुळे कीटकशास्त्रज्ञांच्या हौसेपुरता उरला नव्हता.

लिस्टन पुढे मुंबईला परळच्या प्रयोगशाळेत गेले आणि तेथे त्यांनी प्लेग व उंदरांवरच्या पिसवा यांच्या संबंधावर महत्त्वाचे काम केले. ही प्रयोगशाळा म्हणजेच आजची हाफकिन संस्था. त्यांनी वर्णिलेला डास मुंबईतल्या हिवतापाचा मुख्य वाहक ठरला आणि आजही भारतातल्या बहुतेक शहरांत हिवताप पसरवणारा डास तोच आहे. २०१२ साली तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जिबूतीत सापडला, नंतर इथिओपिया आणि सुदानमध्ये. आफ्रिकेत हिवताप हा प्रामुख्याने खेड्यांचा रोग मानला जाई, शहरे त्यामानाने सुरक्षित असत. २०२२ साली इथिओपियातल्या दिरे दावा शहरात ऐन कोरड्या हंगामात हिवतापाची साथ आली. संशोधकांनी तिचा संबंध याच डासाशी जोडला. तेथील इतर ॲनॉफिलिस बहुतांशी पावसाच्या डबक्यांवर अवलंबून असतात. हा डास माणसाने बांधलेल्या आणि भरून ठेवलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून त्याला पावसाची वाट पाहावी लागत नाही. जेथे शहर वाढते आणि नळाचे पाणी पुरत नाही, तेथे त्याची सोय आपोआप होते.

डासजन्य रोगांवरचे हे पुस्तक या एका डासापासून सुरू होते, कारण त्याच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात नियंत्रणातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी भेटतात. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. डासांचा प्रश्न आपण औषधाचा प्रश्न मानत आलो आहोत. तो मुख्यतः पाण्याचा आणि न चुकता, दर आठवड्याला करायच्या देखरेखीचा प्रश्न आहे. औषधे लागतात, लसीही लागतील. पण पाणी आणि देखरेख या दोन गोष्टी ढिल्या पडल्या की बाकी सगळे उपाय काही वर्षांत निकामी होतात. असे आपल्याकडे पुन्हा पुन्हा घडले आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत हिवतापाने हाहाकार माजवला तेव्हा सरकारने चार्ल्स बेंटली यांना चौकशीसाठी नेमले. १९११च्या त्यांच्या अहवालाने बोट ठेवले ते विहिरींवर. तेव्हाच्या मुंबईत घराघरांच्या आवारात, वाड्यांत, गिरण्यांत विहिरी होत्या, आणि स्टीफेन्सीच्या अळ्या त्यांत वाढत होत्या. उपाय कागदावर सोपा होता: विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका. प्रत्यक्षात त्यावरून मोठा वाद पेटला. पारशांना आणि अनेक हिंदूंना धर्मकृत्यांसाठी विहिरीचे पाणी हवे होते. कित्येक विहिरींशी श्रद्धा, नवस आणि पिढ्यांच्या आठवणी जोडलेल्या होत्या. पुढे मुंबईचे पहिले भारतीय महापालिका आयुक्त झालेले रुस्तम मसानी यांनी १९१८ साली विहिरींच्या लोकसमजुतींवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, त्यामागे हाच वाद होता. नगरपालिकेच्या कामात मुरलेल्या माणसाला लोकांचा विरोध समजून घेण्यासाठी लोकसाहित्याकडे वळावेसे वाटले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आजच्या किती अधिकाऱ्यांना ते सुचेल?

त्या विरोधाला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण विहीर ही त्या कुटुंबांची हक्काची पाण्याची सोय होती. नळाचे पाणी ठरावीक वेळीच येई, त्याचा भरवसा नव्हता. हातातले पाणी सोडून द्या असे सांगणाऱ्याने त्याऐवजी काय देणार तेही सांगायला हवे, आणि ते सांगितले जात नव्हते. शेवटी विहीर झाकायची, पण पाणी शेंदण्यापुरते दार ठेवायचे, अशा तडजोडी झाल्या. १९२८ साली गॉर्डन कॉव्हेल यांनी मुंबईच्या हिवतापाची पुन्हा चौकशी केली. विहिरी, हौद आणि टाक्या हाच त्यांच्याही अहवालाचा गाभा होता.

विहिरी पुढे हळूहळू गेल्या आणि इमारती उंच झाल्या. प्रत्येक इमारतीखाली एक आणि गच्चीवर एक अशा टाक्या आल्या. डास विहिरीतून गच्चीवर गेला. २०१० साली मुंबईत हिवतापाचे सुमारे ७६ हजार रुग्ण नोंदले गेले आणि १४५ माणसे दगावली. त्या काळात शहरभर बांधकामे चालू होती. ओल्या स्लॅबवर वाफे करून दिवसच्या दिवस पाणी साठवून ठेवतात, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी तुंबते, तळघरात झरा लागतो, पिंपे उघडी असतात. तिथेच, दारे-खिडक्या न बसवलेल्या मजल्यांवर, मजूर कुटुंबे झोपतात. त्यांच्यातला एखादा हिवतापाच्या मुलखातून परजीवी रक्तात घेऊन आलेला असतो. डास, पाणी, परजीवी आणि उघड्यावर झोपलेली माणसे एका कुंपणाच्या आत इतकी जवळ क्वचितच येतात. गोव्यातही शहरी हिवतापाचा बांधकामांशी असाच संबंध दिसला आणि तेथे बांधकाम मजुरांना आरोग्यपत्रे देऊन त्यांच्या रक्ताची नियमित तपासणी करण्याची पद्धत रुजवली गेली.

‘बाहेरून आलेले मजूर रोग आणतात’ असे या संदर्भात सर्रास बोलले जाते. या वाक्याने माझे रक्त तापते. त्या मजुराला मच्छरदाणी देणे, त्याचे रक्त तपासणे आणि बांधकामावरचे पाणी झाकणे ही बिल्डरची आणि त्याला परवानगी देणाऱ्यांची जबाबदारी आहे. मजूर हा या रोगाचा पहिला बळी आहे, आणि आजारपणात बुडालेली त्याची मजुरी कोणीही भरून देत नाही.

२०१० नंतर मुंबईत टाक्यांची तपासणी, बांधकामांना नोटिसा आणि रक्ततपासण्या जोरात झाल्या. २०१९ पर्यंत वर्षाची रुग्णसंख्या पाच हजारांच्या आत आली. ते फार मोठे यश होते आणि त्याची कोठे म्हणावी तशी चर्चा झाली नाही. २०२३ मध्ये आकडा पुन्हा सात हजारांवर गेला.

या यशामागे जी माणसे आहेत त्यांचे काम कसे असते ते या पुस्तकात विस्ताराने सांगितले आहे. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचा कर्मचारी सकाळी इमारतीत येतो. गच्चीच्या दाराला कुलूप असते, किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी कामावर. किल्ली मिळाली तर टाकीला शिडी नसते, किंवा गंजलेली असते. वर चढून लोखंडी झाकण उचलायचे, टॉर्च मारून पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडलेल्या बारीक अळ्या शोधायच्या. टाकीचे झाकण नीट बसत नसेल, वाहून जाणाऱ्या पाण्याच्या आणि हवेच्या नळीला जाळी नसेल, तर मादीला आत शिरायला तेवढी फट पुरते. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो. म्हणून तपासणी आठवड्याची. एक आठवडा हुकला की डासांची एक पिढी हवेत. हे काम संपत नाही, त्याचे उद्घाटन होत नाही, आणि ते उत्तम झाले तर कोणालाच काही दिसत नाही.

दिसते ती धूरफवारणी. डेंग्यूचा रुग्ण सापडला की वस्तीची पहिली मागणी धुराच्या यंत्राची असते आणि नगरसेवकही तीच पुरवतात. संध्याकाळी पांढरा लोट गल्लीतून जातो, मुले मागे धावतात, लोकांना वाटते काहीतरी झाले. धुरातल्या औषधाचे थेंब त्या क्षणी उडत असलेल्या डासाला लागले तरच तो मरतो. पाण्यातल्या अळ्या आणि कोष जसेच्या तसे राहतात आणि पुढच्या दोन-चार दिवसांत नवे डास बाहेर पडतात. शिवाय डेंग्यूचा एडिस इजिप्ती हा घरात राहणारा डास आहे. तो पलंगाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांत बसतो, आणि धुराची गाडी आली की आपण खिडक्या लावून घेतो. रुग्णाच्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत शिरून, संसर्ग झालेले डास लगेच मारायचे असतील तर या फवारणीला अर्थ आहे. रस्त्यावरून फिरणाऱ्या गाडीला जवळजवळ नाही. ज्या नगरपालिकांत अळ्या शोधणाऱ्यांच्या जागा रिकाम्या आहेत आणि धुराची यंत्रे नवी आहेत, तेथे पैसा चुकीच्या ठिकाणी गेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी मोठी अडचण अशी की आपण ‘डास’ असे एकच नाव घेतो आणि उपायही एकच शोधतो. ॲनॉफिलिस रात्री चावतो आणि त्याला बहुधा स्वच्छ पाणी लागते. एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दुपार कलल्यावर, आणि त्याला भांडीकुंडी, टायर, करवंट्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली असे थोडके, साचलेले, बहुतेक स्वच्छ पाणी चालते. क्युलेक्स गटारांत आणि शौचालयांच्या टाक्यांत वाढतो आणि हत्तीरोग पसरवतो. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हा रोग अजून घरे धरून आहे. क्युलेक्सच्याच भाताच्या खाचरांत वाढणाऱ्या जाती जपानी मेंदूज्वर पसरवतात, आणि त्या साखळीत डुकरे व पाणपक्षीही आहेत. गटार साफ केल्याने डेंग्यू कमी होत नाही. रात्रीच्या मच्छरदाणीने हिवताप आटोक्यात येतो, डेंग्यूवर तिचा उपयोग दिवसा झोपणाऱ्या तान्ह्या मुलांपुरता आणि आजाऱ्यांपुरता. ‘आमच्या सोसायटीत इतकी स्वच्छता, तरी डेंग्यू कसा झाला?’ असे लोक खरोखर गोंधळून विचारतात. उत्तर बहुधा शोभेच्या कारंज्यात, कुंड्यांखालच्या बशांत किंवा गच्चीवर टाकलेल्या भंगारात असते.

डेंग्यूच्या चार प्रकारांमुळे गुंता आणखी वाढतो. एकदा डेंग्यू झालेल्या माणसाला पुढे दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग झाला तर आजार गंभीर होण्याचा धोका उलट वाढतो. त्यामुळे एखाद्या शहरात काही वर्षे एक प्रकार फिरल्यावर दुसरा शिरला की रुग्णालये भरतात. लस तयार करतानाही हीच अडचण आडवी आली. फिलिपिन्समध्ये २०१७ साली एक डेंग्यू लस शाळकरी मुलांना देणे थांबवावे लागले, कारण आधी डेंग्यू न झालेल्या मुलांना पुढे गंभीर आजाराचा धोका वाढत असल्याचे दिसून आले.

आता पाणी. मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या कितीतरी गावांत, शहरांत नळाला आठवड्यातून एकदा किंवा त्याहूनही उशिरा पाणी येते. घरात पिंपे, रांजण, सिमेंटचे हौद, प्लॅस्टिकच्या टाक्या भरलेल्या असतात. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ साली एडिसनेच पसरणाऱ्या चिकुनगुनियाची साथ आली होती. त्यानंतर तीन दशके हा रोग भारतातून जणू नाहीसा झाला आणि २००५-०६ मध्ये परतला, तेव्हा देशभरात तेरा-चौदा लाख संशयित रुग्ण झाले. सांधे धरलेली माणसे घरोघरी भिंतीच्या आधाराने चालत होती. महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत शेतमजुरांचे महिनेच्या महिने बुडाले.

आरोग्य खाते सांगते: आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळा, सगळी भांडी रिकामी करा. सल्ला शास्त्राने अचूक आहे. पण आठ दिवसांनी आलेले पाणी जिने रात्री दोनला उठून भरले, त्या बाईला ते ओतून द्यायला सांगणे म्हणजे तिच्या श्रमांची किंमत न ओळखणे. ती भांडे रिकामे करत नाही, आणि तिच्या जागी मीही केले नसते. भांडे रिकामे केले तरी भागत नाही. एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. म्हणून आतून घासावे लागते. हे वाक्य भिंतींवरच्या घोषणांत फारसे दिसत नाही. जेथे रिकामे करणे शक्य नाही तेथे घट्ट झाकण, वर कापड बांधणे, मोठ्या हौदात गप्पी मासे किंवा टेमिफॉससारखे अळीनाशक असे उपाय आहेत, आणि आशा कार्यकर्त्या ते घरोघरी समजावतातही. पण खरा उपाय पाणीपुरवठा विभागाच्या हातात आहे. ज्या शहरात रोज ठरलेल्या वेळी नळाला पाणी येते तेथे पिंपे आपोआप कमी होतात. दुष्काळात डेंग्यू का वाढतो हे ज्याला समजले, त्याला हिवताप अधिकाऱ्याइतकाच पाणीपुरवठ्याचा अभियंताही या लढ्यात का हवा ते समजेल. आपल्याकडे हे दोघे एका बैठकीला क्वचितच बसतात.

इतिहासाकडे वळायचे तर १९५३ हे वर्ष महत्त्वाचे. त्याआधी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात, असा अंदाज होता. दुसरे महायुद्ध संपता संपता त्या वेळच्या मुंबई प्रांतातल्या धारवाड आणि उत्तर कानडा जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे प्रयोग केले होते. त्यांचे निष्कर्ष इतके आश्वासक होते की १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याचे रूपांतर थेट निर्मूलन कार्यक्रमात झाले. फवारणी करणारी पथके पाठीवर पंप घेऊन गावोगाव गेली आणि १९६१ पर्यंत नोंदलेले रुग्ण सुमारे ५० हजारांवर आले. माणसाच्या इतिहासात इतक्या थोड्या काळात इतके जीव वाचवणारी मोहीम विरळाच. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीने थंडी-तापाने कुटुंबेच्या कुटुंबे अंथरुणाला खिळलेली पाहिली होती, आणि नंतरच्या पिढीला तो रोग जवळजवळ माहीतच नव्हता.

१९७६ साली देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. पंधरा वर्षांत हे कसे झाले, त्यावर या पुस्तकात मी सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत. डासांत डीडीटीविरुद्ध प्रतिकारशक्ती आली हे खरे, पण ते अर्धेच उत्तर. औषधाचा पुरवठा वेळेवर होईना. रोग कमी झाला म्हणून पथके मोडली गेली आणि काम सर्वसाधारण आरोग्य यंत्रणेकडे सोपवले गेले. ती यंत्रणा ग्रामीण भागात अजून नीट उभीही राहिली नव्हती. खेड्यांवर भर होता तोपर्यंत शहरांत स्टीफेन्सी निर्धास्त वाढत राहिला. शहरांसाठी वेगळी योजना यायला १९७१ उजाडले. श्रीलंकेत १९६३ साली रुग्ण अवघे १७ उरले होते. फवारणी थांबली, आणि १९६८-६९ मध्ये तेथे पाच लाखांहून अधिक माणसे आजारी पडली. त्याच श्रीलंकेने पुढे यादवी युद्धाच्या काळातही चिकाटी सोडली नाही आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला हिवतापमुक्त जाहीर केले. रुग्ण कमी झाल्यावर खर्च कमी करायचा नसतो, हे तेथील आरोग्य खात्याने मोठी किंमत मोजून शिकले होते. भारताने २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. आकडे पुन्हा खूप खाली आले आहेत, म्हणजे आपण पुन्हा त्याच धोक्याच्या जागी उभे आहोत.

शहरांबद्दल इतके लिहिल्यावर गडचिरोलीबद्दल वेगळे बोलायला हवे, कारण तेथे यातले फार थोडे लागू पडते. लोकसंख्येच्या मानाने महाराष्ट्रातला हिवतापाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत घातक बोजा हा जिल्हा वाहतो. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या जंगलपट्ट्यात डास वेगळे, ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस आणि फ्लुव्हिएटिलिस. त्यांतला दुसरा झुळझुळत्या ओढ्याच्या कडेला वाढतो, आणि ओढ्याला झाकण लावता येत नाही. येथे फॅल्सिपेरम हा मेंदूवर जाणारा परजीवी आढळतो. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ साली याच भागातल्या हेमलकशाला राहायला गेले तेव्हापासून तेथील दवाखान्याने असे अगणित रुग्ण पाहिले आहेत. घरांच्या कुडाच्या भिंतींवर औषध फवारतात, पण सणासुदीला घर मातीने सारवले की औषध सारवणाखाली जाते. पीक राखायला माणसे शेतातल्या मांडवावर झोपतात, मोहाच्या दिवसांत पहाटेच जंगलात जातात. औषध लावलेली मच्छरदाणी घरी टांगलेली असते आणि माणूस घराबाहेर. अशा ठिकाणी सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे गावातली आशा, तिच्याकडचा तपासणी किट आणि गोळ्या. ताप आल्यावर एका दिवसात रक्त तपासले आणि औषध सुरू झाले तर जीव वाचतो, आणि पुढच्या डासाला परजीवीही मिळत नाही. किट संपला, पावसाळ्यात नदीने वाट अडवली, किंवा मानधन रखडले म्हणून आशाने दुसरे काम धरले, की ही साखळी तुटते.

परजीवीचाही विचार करावा लागतो. व्हायव्हॅक्स हा दुसरा प्रकार यकृतात दडून बसतो आणि कित्येक महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. त्याला मारायला प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की गोळ्या पाकिटातच राहतात. शिवाय ज्यांच्या रक्तात एका विशिष्ट विकराची कमतरता असते त्यांना हे औषध अपाय करू शकते, आणि आदिवासी भागांत अशी माणसे बरीच आहेत. म्हणजे चौदा दिवस औषध द्यायचे, ते घेतले जाते की नाही पाहायचे, आणि लघवीचा रंग गडद झाला तर लगेच थांबवायचे. हे सारे पाड्यावरच्या एका बाईच्या भरवशावर चालते.

नव्या साधनांचे मी मनापासून स्वागत करतो. ऑक्सफर्डने विकसित केलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली आर२१ ही हिवतापावरची लस २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली आणि आफ्रिकेतल्या मुलांना ती मिळू लागली, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात वोल्बाकिया हा जिवाणू असलेले एडिस डास सोडल्यावर त्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. पुदुच्चेरीच्या संशोधन केंद्राने भारतीय डासांत असे वाण तयार केले आहेत. देशी डेंग्यू लसीची मोठी चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. हे सगळे हवेच आहे. पण एडिस केवळ डेंग्यूपुरता नाही. २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला, २०२४च्या पावसाळ्यात पुणे शहरात झिका पसरला, आणि चिकुनगुनिया तर आहेच. एका विषाणूवरची लस दुसऱ्यावर चालत नाही. अळ्या नसलेले पिंप सगळ्यांवर चालते.

हे पुस्तक मी डॉक्टरांसाठी लिहिलेले नाही. हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी, शाळेतले शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य, नगरसेवक, बांधकामावरचे सुपरवायझर आणि पत्रकार डोळ्यांसमोर आहेत. प्रकरणे क्रमाने वाचण्याची गरज नाही. शहरातल्या वाचकाने टाक्यांचे प्रकरण आधी वाचावे, विदर्भातल्या वाचकाने हत्तीरोगाचे आणि गडचिरोलीचे, दुष्काळी भागातल्या वाचकाने पाणीसाठ्याचे. आजारात काय करावे यावर एक छोटे प्रकरण आहे. त्यातली एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो: डेंग्यूत ताप उतरण्याचा काळ हाच सर्वांत जपण्याचा असतो. तेव्हा पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा विलक्षण मरगळ दिसली तर प्लेटलेट्सच्या आकड्याची वाट न पाहता रुग्णालयात जावे, आणि ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये.

वाचकांना आणि विशेषतः लोकप्रतिनिधींना माझी एक विनंती आहे. आपल्या प्रभागात या आठवड्यात किती घरे तपासली गेली, किती भांड्यांत आणि टाक्यांत अळ्या सापडल्या, अळ्या शोधणाऱ्यांच्या मंजूर जागा किती आणि त्यांतल्या रिकाम्या किती, हे चार आकडे दर सोमवारी प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावायला सांगा. तपासणीचे काम आरोग्य कर्मचारी करतातच, नोंदवह्याही असतात. ते आकडे लोकांना दिसू लागले तर पुढच्या अंदाजपत्रकात पैसा कोठे द्यायचा हे ठरवणे सोपे जाईल. पावसाळा संपला आणि रुग्ण कमी झाले तरीही तो फलक उतरवू देऊ नका.